कुंकू लागलेली क्लिप

नांदुरा, २६ ऑक्टोबर

करिष्मा,

तू माझा नंबर बंद केलास, म्हणून हा कागद. शेगावला रुखमामावशीच्या पत्त्यावर टाकतो आहे. मावशी पाकीट न फोडता तुझ्या हातात देईल. पुढे तू वाचशील की चुलीत घालशील, ते तुझं तू ठरव.

भाऊबीजेला आईनं पाट मांडला होता. संध्याकाळ झाली तसा तिनंच तो उचलून भिंतीला लावला. मला एक शब्द बोलली नाही. तिचं न बोलणं कसं असतं ते तुला माहीत आहे.

आता मुद्दा. मी भर सभेत तुझी अब्रू घेतली, असं तू मावशीला म्हणालीस. मला हे मान्य नाही. शेजारच्या गावची डीपी भाऊरावांच्या ट्रान्सफॉर्मर वर्कशॉपातून दुरुस्त होऊन आली, खांबावर चढली आणि आठवडाभरात पुन्हा जळली. हरभऱ्यासाठी रान ओलवायचं आणि मोटारी बंद. लोकांनी सभा बोलावली, मला बोलायला बोलावलं. मी विचारलं की वर्कशॉपातून बाहेर पडण्याआधी या डीपीची तपासणी कशी झाली. आणि पडद्यावर एक फोटो दाखवला. दसऱ्याच्या पूजेचा. टेबलावर रोध मोजायचं मीटर, त्याच्या लीडा, लीडांच्या टोकाच्या क्लिपा आणि सगळ्यावर हळद-कुंकवाची बोटं. मी म्हणालो, "ज्या चिमट्यानं ओहमचा हजारावा भाग मोजायचा, त्या चिमट्याच्या जबड्यात यांनी कुंकू भरलं. मग मीटर काय दाखवणार? भक्ती दाखवणार." लोक हसले, टाळ्या वाजल्या.

मी तुझं नाव घेतलं नाही. भाऊरावांच्या वर्कशॉपात तपासणीच्या टेबलावर तू एकटी बसतेस आणि फोटोत मीटरशेजारी बांगड्यांचा हात दिसतो, हे खरं आहे. पण नाव मी घेतलं नाही.

फोटो घरच्या ग्रुपवरचा होता. तूच टाकला होतास. खाली लिहिलं होतंस, "दादा, माह्या टेबलाची पूजा." मी त्यावर काही उत्तर दिलं नव्हतं.

व्हिडिओ इतका फिरेल असं वाटलं नव्हतं. भाऊरावांनी तुला टेबलावरून उठवून स्टोअरमध्ये बसवलं आणि तू काम सोडून मावशीकडे गेलीस, हे मला आईकडून कळलं. माझा लढा अंधश्रद्धेशी आहे, माणसांशी नाही, हे मी शंभर व्यासपीठांवरून सांगितलं आहे. ते स्वतःच्या बहिणीला पत्रानं कळवावं लागेल असं वाटलं नव्हतं.

गोकुळ


नांदुरा, २ नोव्हेंबर

करिष्मा,

उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं.

आई अखेर बोलली. जेवताना ताटात भाकरी टाकली आणि म्हणाली, "तुले काऊन इतकी घाई झालती रे? पोरीले एक फोन लावता नाही आला? का बाई, हे कुंकू तू पुसलं का नाही, इतकं इचारता नाही आलं?"

मी म्हणालो, "आई, प्रश्न एका क्लिपेचा नाही, वृत्तीचा आहे."

"वृत्ती गेली खड्ड्यात. भाजी संपव."

तिचा प्रश्न मात्र डोक्यात राहिला. म्हणून काल कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी ते करून पाहिलं. बोलायचं तर पुराव्यानं, हा माझा नेम आहे. तांब्याची एक लांब, पातळ पट्टी घेतली. मल्टिमीटरच्या तांबड्या आणि काळ्या लीडेला क्रोकोडाइल क्लिपा लावल्या आणि पट्टीची दोन टोकं धरली. मग क्लिपा सोडवून त्यांच्या जबड्यात गोडेतेलात कालवलेलं हळद-कुंकू भरलं आणि पुन्हा धरल्या. आकडा दुपटीवर गेला. क्लिप जरा हलवली की वर, जरा दाबली की खाली. एका जागी ठरेना.

म्हणजे मी बोललो ते बरोबर होतं. हे तुला टोचायला लिहीत नाही. तू हुशार आहेस. तंत्रनिकेतनात मुलांच्या पुढे होतीस. उद्या तू माझ्यासमोर बसलीस तर मी हाच प्रयोग तुला दाखवीन आणि तूही मान्य करशील. मग दोघं मिळून भाऊरावांकडे जाऊ. तू म्हणायचं, पूजा केली, चूक झाली, पुढे होणार नाही. ते तुला परत टेबलावर घेतील.

यात तुझा कमीपणा कुठे आहे?

गोकुळ


नांदुरा, ७ नोव्हेंबर

करिष्मा,

मागचं पत्र तू फाडलं असशील तर बरं केलंस. फाडलं नसशील तर हे वाचून फाड.

काल बारावीला पोटेन्शिओमीटर शिकवत होतो. दर वर्षी म्हणतो तेच वाक्य म्हणत होतो: "तोल साधला की या तारेतून करंट वाहतच नाही, त्यामुळे या तारेचा रोध किती, तिचा सांधा चांगला की वाईट, याचा मापावर..." आणि थांबलो. मुलांनी मला असं अर्ध्या वाक्यात कधी पाहिलेलं नाही. एकीनं विचारलं, "सर, पाणी देऊ?"

तू दोन तारांनी मोजत नाहीस. तू चार तारांनी मोजतेस. नोकरी लागली त्या महिन्यात तू मला हे चहा पिता पिता समजावलं होतंस आणि मी पेपर वाचत हं हं करत होतो. डीपीच्या गुंडाळीचा रोध इतका लहान, की साध्या लीडेनं मोजला तर लीडेचाच रोध त्याच्या कितीतरी पट निघतो. म्हणून दोन जाड तारांनी करंट सोडायचा आणि दुसऱ्या दोन बारीक तारांनी फक्त व्होल्टेज बघायचं. बघणाऱ्या तारांतून जवळजवळ काहीच वाहत नाही. त्यांच्या टोकाला मळ असो, तेल असो, कुंकू असो, मापाला त्याचं सोयरसुतक नाही. हे तत्त्व मी दर वर्षी खडूनं फळ्यावर लिहितो.

आणि प्रयोग मी कशानं केला? कपाटात जे पडलं होतं त्यानं. दोन तारा, दोन क्लिपा. तुझ्या टेबलावर काय आहे ते न विचारता.

मी खामगावला गेलो. दुकानदाराला म्हटलं, चार तारांच्या केल्विन क्लिपा दाखवा. त्यानं एक जोडी काढली. "घ्या सर, चार वायर मोजून घ्या. जबडा पा कसा हाये, मगरीले लाजवील."

"जबड्याचे दोन भाग एकमेकांपासून वेगळे आहेत का?"

"सर, वेगळे असते तं धरलं कायनं असतं?" तो हसला, दुकानातले आणखी दोघे हसले. मी घेऊन आलो.

त्या क्लिपांनी आज पुन्हा तोच प्रयोग केला. कुंकू भरलं आणि आकडा हलला. करिष्मा, तुला आता जे सांगतो ते मी आईलाही सांगितलेलं नाही. आकडा हलताना पाहून मला हायसं वाटलं. चार तारांनीही हलतो, म्हणजे मी बरोबर. मी मीटर बंद केलं. वर्कशॉपातून उठवलेली बहीण, रिकामा पाट, सगळं डोळ्यांसमोर असताना मला आनंद झाला, तो आकडा माझ्या बाजूनं बोलला याचा.

दाराला कुलूप लावलं आणि परत उघडलं. क्लिपेचं रबर ब्लेडनं कापलं. आत दोन्ही तारा एकाच जबड्याला डाख देऊन जोडल्या होत्या. बाहेरून चार तारा, आत दोनच. जबड्याचा एक ओठ करंटचा आणि दुसरा व्होल्टेजचा हवा, मध्ये बिजागरीला इन्सुलेशन हवं. इथं दोघांतून एकच खिळा आरपार गेला होता. कुंकवाचा थर मोजणीच्या आतच राहत होता.

मग मी ती क्लिप बाजूला ठेवली आणि चार वेगळे चिमटे घेतले. करंटचे दोन पट्टीच्या बाहेरच्या टोकांना, व्होल्टेजचे दोन त्यांच्या आत थोडे अंतर सोडून. एक अँपिअरचा स्थिर करंट सोडला. दोन पूर्णांक एक मिलिव्होल्ट. चारही चिमट्यांत कुंकू भरलं, तेल घातलं. दोन पूर्णांक एक. क्लिपा हलवल्या, अर्धवट धरल्या. दोन पूर्णांक एक.

कुंकवानं तुझं माप बिघडलं नव्हतं.

गोकुळ


नांदुरा, १२ नोव्हेंबर

करिष्मा,

भाऊरावांकडे जाऊन आलो. मी चार तारांचं सांगायला लागलो तर त्यांनी हात वर केला.

"सर, मीटर मले नका समजावू. पोरीचं माप बराबर होतं हे मले पह्यल्या दिवसापासून माहीत हाये. जळालेली डीपी म्या खोलून पाह्यली. गुंडाळी साबूत. जळाला तो बाहेरचा बोल्ट. खांबावर जोडताना ढिला राह्यला, तापत गेला, अन् बाहेर झिरपलेल्या तेलाले आग. अन् त्या क्लिपा तं तिनं दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी थिनरनं पुसलत्या, माह्यासमोर."

"मग तुम्ही हे कोणाला सांगितलं का नाही?"

"ज्यानं इचारलं त्याले सांगितलं. तुम्ही इचारलं नाही."

"आणि माप बरोबर होतं तर तिला उठवलंत का?"

त्यांनी मला खुर्ची दिली नव्हती. उभ्याउभ्याच म्हणाले, "तुमच्या व्हिडिओनं. तीन गावची लोकं डीपी मलकापूरले घेऊन गेली. म्हणतात, तिथं पूजापाठवाली पोरगी मोजते. मी धंदा करतो सर, मी का सभा घेऊ? महिना सरला की मलकापूरचा एक माणूस येऊन राह्यला टेबलावर. त्याच्या आत तुम्ही जिथं बोलले तिथंच उभं राहून बोला. मंग पोरगी माही. मले पत्र नको, माफी नको."

महिना सरायला फार दिवस नाहीत. म्हणजे तुझी जागा माझ्या तोंडावर अवलंबून आहे. ज्या तोंडानं ती गेली त्याच.

संध्याकाळी अविनाश आला. आमच्या मंचाचा तो निमंत्रक, तुला ठाऊक आहे. त्याला सगळं सांगितलं, प्रयोगही दाखवला. त्यानं प्रयोग नीट पाहिला आणि म्हणाला, "बरोबर आहे. पण बोलू नको."

"का?"

"कारण लोक ऐकतील वेगळंच. तू म्हणशील, मोजणीच्या पद्धतीमुळे कुंकवाचा परिणाम झाला नाही. ते म्हणतील, कुंकू लावलं तरी काही बिघडलं नाही, मास्तरांनीच कबूल केलं. गोकुळ, आपण दहा वर्षं एकेक गाव बांधलं. एका भाषणात घालवशील. बहिणीला मी दुसरीकडे काम पाहून देतो. अकोल्याला माझी ओळख आहे."

मी त्याला नाही म्हणालो नाही. हे तुला कळावं म्हणून लिहितो. मी म्हणालो, "विचार करतो." आणि मी खरंच विचार केला. अकोल्याचं काम बरं असेल का, पगार कसा असेल, तू कदाचित खूशच होशील, असाही विचार केला. माझं व्यासपीठ वाचावं म्हणून तुझं गाव बदलायला मी मनातल्या मनात तयार झालो होतो. आणि त्याला चळवळीचं हित असं नाव मी केव्हाच दिलं होतं.

आई आतून ऐकत होती. अविनाश गेल्यावर बाहेर आली. "काय म्हणत होता तो? पोरीले अकोल्याले धाडा?"

"हो."

"अन् तू?"

मी अविनाशचा रिकामा कप उचलून मोरीत ठेवला. ती म्हणाली, "बरं झालं तुहे बाबा नाहीत," आणि कणीक मळायला बसली.

रविवारी त्याच गावात सभा ठेवायला मी सरपंचांना सांगितलं आहे. हे पत्र तुला त्याआधी पोचेल की नाही माहीत नाही. पोचलं तरी तू येऊ नयेस असं मला वाटतं. तू समोर असलीस तर मी तुझ्याकडे पाहून बोलेन, आणि मला त्या लोकांकडे पाहून बोलायचं आहे.

गोकुळ


नांदुरा, १७ नोव्हेंबर

करिष्मा,

काल झालं. व्हिडिओ तुझ्यापर्यंत आला असेलच, पण तो कापलेला आहे. म्हणून पूर्ण लिहितो.

पारावर टेबल मांडलं. पट्टी, स्थिर करंट देणारी पेटी, मीटर, चार चिमटे. आधी दोन तारांनी मोजून दाखवलं, कुंकू भरून आकडा कसा नाचतो तेही. लोक खूश. मग चार तारांनी. एकेकाला बोलावून त्यांच्याच हातानं कुंकू भरायला लावलं. कडूबाआजांनी तर कुंकवाची अर्धी कोयरी रिकामी केली. आकडा जागचा हलला नाही. माना पुढे आल्या.

मी म्हणालो, "वर्कशॉपात मोजणी अशी होते. मला हे माहीत होतं आणि मी ते तपासलं नाही. तुमच्या डीपीचं माप बरोबर होतं. बिघाड खांबावरच्या बोल्टात होता."

कडूबाआजा हात पुसत म्हणाले, "म्हंजे मास्तर, देवीनं पोरीले पास केलं म्हणा की."

सगळा पार हसला. मी सांगितलं, देवीचा संबंध नाही, तारांचा आहे. कोणी ऐकत नव्हतं. मागून कोणीतरी म्हणालं, "कुंकवानं इज्ञानाले बी गप केलं." फोन वर झाले. अविनाश म्हणाला होता तसं अक्षर न अक्षर घडत होतं आणि तो स्वतः शेवटच्या रांगेत उभा राहून पाहत होता.

तेवढ्यात वच्छलाबाई कुंकवाची कोयरी घेऊन टेबलाजवळ आल्या. मला टिळा लावायला. "मास्तर, आज तुम्ही आमचे झाले. लावू द्या."

पंधरा वर्षांत मी कोणाला लावू दिलेला नाही. आईलाही नाही. मी मागे सरकलो असतो तर माझं तत्त्व राहिलं असतं, आणि वच्छलाबाईंचा अपमान झाला म्हणून अर्धी सभा उठली असती. मला अजून मुख्य वाक्य म्हणायचं होतं. मी वाकलो. त्यांनी लावलं. टाळ्या मागच्या सभेपेक्षा मोठ्या होत्या. त्या टाळ्या मला नको होत्या आणि त्यांच्याशिवाय शांतता मिळणार नव्हती.

त्या थांबल्यावर मी म्हणालो, "हा टिळा पाहून काय समजायचं ते समजा. पण घरी जाऊन एवढं नक्की सांगा. मागच्या वेळी मी ज्या मुलीवर तुम्हाला हसवलं ती माझी सख्खी बहीण आहे. करिष्मा भगवानराव मानकर. तो फोटो तिनं मला कौतुकानं पाठवला होता. मी तिला न विचारता तो तुमच्यासमोर धरला. तिचं काम चोख होतं. चूक माझी होती, आणि ती अज्ञानाची नव्हती. मला टाळ्या हव्या होत्या."

यावर कोणी हसलं नाही. फिरणाऱ्या व्हिडिओत हे नाही. त्यात टिळा आहे आणि खाली लिहिलं आहे, विज्ञानवादी मास्तर अखेर नमले.

अविनाश माझ्याजवळ आला. "कपाळ पुसून घे," एवढंच म्हणाला आणि रुमाल दिला. आज मंचाचा निरोप आला, काही काळ मी बोलू नये. त्यांचं चूक आहे असं मला म्हणता येत नाही. दहा वर्षांचं काम मी एका संध्याकाळी मागे नेलं, आणि तरीही काल मी बोललो नसतो तर आज तुला हे लिहायला माझा हात धजला नसता. हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे. ते एकमेकांत कसं बसवायचं, मला समजत नाही.

भाऊराव सभेला होते. जाताना म्हणाले, "पोरीले फोन लावतो."

गोकुळ


नांदुरा, २८ नोव्हेंबर

करिष्मा,

तू सोमवारपासून टेबलावर आहेस, हे भाऊरावांकडून कळलं. मलकापूरच्या माणसाला त्यांनी नाही म्हणून कळवलं. येण्याआधी तू त्यांना अट घातलीस की तपासणी चालू असताना गिऱ्हाइकानं टेबलाजवळ उभं राहून पाहायचं, हवं तर स्वतः आकडा वाचायचा. भाऊराव हसत होते. "आता मले पोरीलेच इचारून गिऱ्हाईक आत सोडा लागते."

तू रोज शेगावहून गाडीनं येतेस आणि गाडीनं परत जातेस, हेही कळलं. स्टेशनावरून वर्कशॉपाकडे जाताना आपली गल्ली लागते. काल आई डबा घेऊन कोपऱ्यावर उभी होती. तू डबा घेतलास, तिच्याशी बोललीस, घराकडे पाहिलं नाहीस. आईनं सांगितलं. मी आत होतो.

काल रात्री मी ही सगळी पत्रं मनात पुन्हा वाचली. पहिल्यात मी तुझ्याशी वाद घातला, दुसऱ्यात तुला धडा दिला, पुढच्यांत माझा पश्चात्ताप ऐकवला. प्रत्येक पत्रात बोलणारा मी आणि गप्प बसलेली तू. पारावरही तेच होतं. माफीसुद्धा मी भाषण करूनच मागितली. तुला काय वाटलं, हे अजून मी एकदाही विचारलेलं नाही.

रविवारी आई शेगावला येणार आहे. एकटीला गाडी चढवत नाही, म्हणून सोबत मी. तिनं आधीच बजावलं आहे, "तू ओट्यावर बसशील. पोरगी काही बोलन तं ऐकशील. शिव्या देईल तं खाशील. तुहं तोंड उघडलं का मी तिथूनच परत नांदुऱ्याची गाडी धरीन, अन् तू येशील पायी."

मी कबूल झालो आहे. ओट्यावर बसेन. तू आतच राहिलीस तरी संध्याकाळच्या गाडीपर्यंत बसेन आणि आईला घेऊन परत येईन.

तुला बाहेर यावंसं वाटलं तर ये. मी मध्ये बोलणार नाही.

गोकुळ